बैलांना विचारून

"उबेरलिंदा, घर हलकं कर," बाउदिलियोकाका कुंपणावरूनच म्हणाला.
"बैल भिंती ओढतील, छप्पर ओढतील,
पण तुझा चाळीस वर्षांचा पसारा ओढायला
त्यांनी कुणाचं घोडं मारलंय?"

भरती दरवर्षी पायरीपर्यंत यायची.
यंदा पायरी चढली.
म्हणून घर टेकडीवर चाललंय, सगळंच्या सगळं.
चिलोए बेटावर माणसं घर बदलत नाहीत,
घराची जागा बदलतात :
खांबांवरून उतरवायचं, ओंडक्यांवर ठेवायचं,
जोड्या जुंपायच्या. अख्खा गाव दोराला.
याला मिंगा म्हणतात. मजुरी नसते,
संध्याकाळी सगळ्यांना पोटभर जेवू घालायचं.

मी पुंता अरेनासहून रजा काढून आले.
आई म्हणाली, फार काही नाही गं,
एक दुपार पुरे.

तीन दिवस लागले.

मुर्ताच्या मुरंब्याच्या अठ्ठ्याऐंशी बरण्या,
एकीवर माझ्या अक्षरात साल,
तेव्हा मला ७ नीट काढता येत नव्हता.
सामन कंपनीच्या टोप्या.
कंपनीने बाबांना काढलं, टोप्या परत मागितल्या नाहीत.
रबरी बूट : डावे पाच, उजवा एक.
"डावेच का?"
"उजवा आधी फाटतो," आई म्हणाली,
जणू एवढ्याने प्रश्न मिटला.

काकाची एक जोडी आधीच अंगणात बांधलेली.
आई एकेक वस्तू हातावर तोलायची,
आणि मला नाही,
खिडकीबाहेर त्या दोघांना विचारायची,
"हे ओढाल?"
ते रवंथ करत राहायचे.
उत्तर येत नाही याचंच तिला बरं वाटत होतं.
इस्त्री गेली. शिवणयंत्राचं पायडल गेलं.
लोकरीचा गुंडा मी टाकला, तो रात्री
तिच्या उशीखाली सापडला.
मी काही बोलले नाही. लोकर ती, किती वजन असणार.

शेवटच्या संध्याकाळी डॉमिनोची पेटी निघाली.
हाडाच्या सोंगट्या, सत्तावीस.
अठ्ठाविसावी, दुहेरी सहा, एका हिवाळ्यात नाहीशी झाली.
बाबा म्हणाले, बाउदिलियोने बाहीत लपवली.
त्यावर अकरा वर्षं
दोघे सख्खे भाऊ एकाच धक्क्याला होड्या बांधत होते,
एकमेकांच्या दोराला हात न लावता.
बाबा गेले तेव्हा काका आला, दारातच उभा राहिला,
टोपी हातात घेऊन.
तेव्हापासून दर शनिवारी सरपण फोडून देतो.
आत येत नाही.

आईने पेटी कानाशी हलवली.
"सत्तावीस कशालाच पुरत नाहीत," म्हणाली,
आणि चुलीत घातली.
हाड लवकर पेटत नाही. वास मात्र लगेच येतो.

सकाळी सहा जोड्या.
शिट्टी. कुणीतरी शिवी दिली, कुणीतरी देवाचं नाव घेतलं.
घर कण्हलं, रुसल्यासारखं थांबलं,
मग हललं.
रिकाम्या खोल्यांतून एक दार आपटत निघालं.

आणि मागे उरली जमीन,
चाळीस वर्षं ऊन न बघितलेली.
आम्ही तीन दिवस वरचं आवरत होतो,
खाली फळ्यांच्या फटींतून पडलेलं
सगळं जागच्या जागी होतं :
बटणं, विणायची सुई, शंभर पेसोचं नाणं,
दुधाचा दात, नाहीतर नुसताच खडा,
आणि जिथे चूल होती तिथे, चिखलात,
बारा काळे डोळे वर करून
दुहेरी सहा.

आई वाकली. एप्रनला पुसली.
चिखल तुडवत, घराला वळसा घालून,
बैलांच्या वाफाळत्या नाकांसमोरून थेट पुढे गेली
आणि काकाचा हात उघडून त्यात ठेवली.
दोरावरची माणसं थांबली.

काका बराच वेळ बघत राहिला.
डोळे पुसले नाहीत, काही नाही.
मग दोन बोटांत धरून, सावकाश,
अख्ख्या गावादेखत,
ती बाहीत सरकवली.

आईला हसू फुटलं, इतकं, की
तिला बैलाच्या शिंगाचा आधार घ्यावा लागला.
"चल आता," ती म्हणाली,
"खोळंबलेत बिचारे."