रवळू, आधी रिसिव्हर

आधी रिसिव्हर चालू करायचा, रवळू.
माईक नंतर.
घरात कुणी जागं नसताना
कडी वाजवून काय उपयोग?

दोन्ही अँटेना कैचीसारख्या फाकव,
आणि पेटी टेबलाखाली नको, वर ठेव.
तिला स्टेज दिसलं पाहिजे.
मधे माणसं आली की आवाज अडतो.
माणूस म्हणजे निम्म्याहून जास्त पाणीच गा,
नुसता उभा राहिला तरी लाट पितो.

मग स्कॅन. बटण दाब आणि थांब.
कुणाचं लग्न, कुणाचं कीर्तन,
हवा दिसते तेवढी रिकामी नसते.
मोकळी जागा सापडली की तिथं बसायचं,
खानापूरच्या बाजारात शेंगांचं पोतं मांडतात तसं,
शेजारच्याला कोपर न लावता.

सेल नवे. दर कार्यक्रमाला नवे.

हे बंडल कसलं, विचारूलालास ना परवा?
वायर. ऐंशी मीटर, सत्त्याऐंशी सालची.
काळी टेप आहे तिथं कापलेली, तीन ठिकाणी.
एकदा उंदरानं.
दोनदा कुणी, ते मला ठाऊक आहे.
एक इकडचा होता, एक तिकडचा.
दोघंही वारले.
दोघांच्या पोरांच्या लग्नात साऊंड मीच लावला.

कॉलरचा माईक हनुवटीपासून एक वीत खाली.
साखळी, पेन बाजूला.
बिल्ला असेल तर विनंती करायची,
हात लावायचा नाही.

टेस्टिंगला फुंकू नको, टपली मारू नको. बोल.
मी म्हणतो, एक, दोन, तीन.
शाळेचा शिपाई ईराण्णा मागच्या भिंतीजवळून
'मूरु' म्हणत हात वर करतो,
म्हणजे मागंपर्यंत पोचलं.

आता ज्यासाठी तुला बसवलंय ते ऐक.

गेल्या साली, ह्याच पटांगणात, संमेलन.
होसूरकर सर तासभर बोलले
मायबोलीवर.
काय बोलले! मंडपाचं कापड थरथरलं,
मिक्सरचा काटा दोनदा लालला शिवून आला.
टाळ्या थांबेनात.
सर उतरले, स्टेजमागं गेले,
आणि छातीवरचा माईक बंद करायचं
मी विसरलो. तेही.

अध्यक्ष उठताहेत, चष्मा शोधताहेत,
आणि चारी बॉक्समधून हळू,
शेजारी बसून बोलावं तसं:
'यव्वा, ऊटा आतेन?
गुळगी तगोंडी?
ना बर्तीनी. बागला हाकब्याड.'

फोनवर होते. आईशी.
येतोय मी, दार लावू नको, म्हणत होते.

पाचशे माणसं. कुणी हसलं नाही.
पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं
टोपी काढून मांडीवर ठेवली, एवढंच.
मागं भिंतीजवळ
ईराण्णाचा हात वर गेला होता.
सवयीनं असेल.

माझं बोट फेडरवर.
लगेच ओढायला पाहिजे होतं, आपलं कामच ते.
ओढलं. पण सावकाश,
आत पोर झोपलंय म्हटल्यावर
दार ओढून घ्यावं तसं.

सर पट्ट्याची डबी परत द्यायला आले, घामाघूम.
म्हटलं, आवाज छान लागला सर.
'सगळा?' म्हणाले.
मी मान खाली घालून सेल काढत बसलो.

तर विसरायचं नाही, रवळू.
माणूस पायरी उतरला की पहिलं म्यूट.
दिवा विझलेला डोळ्यांनी बघायचा,
मग दुसरीकडं बघायचं.

ते सेल?
निम्मे भरलेले होते, टाकवले नाहीत.
एक घरच्या घड्याळात घातलाय.
थोडं पुढं पळतंय,
पण चालतंय.