कोंडा

बोंडेटोल्याची राइस मिल बंद पडली, त्याला सात वर्षं झाली.
गुरुवारी रात्री आता तिथं थ्री फेज वाजतं.
बँडचं नाव तेच ठेवलं,
कारण मिलच्या मीटरवर लाइन आली तरच रेकॉर्डिंग,
आणि माणसंही तीन.
मी चौथा. मला मोजत नाहीत.
माझं मोबाइल रिपेअरिंगचं दुकान आहे
आणि दोन माइक, त्यातला एक खरा.

हिवराजची पायपेटी मोडीत निघालेल्या नाटक कंपनीची,
नऊशे रुपयांची.
भात्यात उंदरीण व्याली होती.
पिल्लं आधी तणसात हलवली, मग सूर पाहिले.
एक काळी पट्टी दाबली की वर येत नाही,
बोटानं उचलावी लागते,
झोपलेलं पोर उचलावं तशी.
म्हणून प्रत्येक गाण्यात तो सूर गरजेपेक्षा जास्त थांबतो.
ऐकणाऱ्यांना वाटतं, ही शैली.

डुलीचंदनं नांगराच्या इसाडाला
राजदूतची क्लच वायर ताणली आहे. तो आमचा बास.
रेवता फवारणीचा पंप वाजवते,
दांडा खाली, दांडा वर,
हुस्स् फक्, हुस्स् फक्,
आणि डाव्या पायात बैलाची घुंगरमाळ.
पंप साबणानं सात वेळा धुतला,
तरी तिसऱ्या गाण्यापर्यंत औषधाचा वास येतोच.
दिवसा ती उपकेंद्रात लसी टोचते.
"तेच काम होय," म्हणते, "इथं फक्त कोनी रडत नाही."

सहा गाणी झाली.
एक सुटे पैसे न देणाऱ्या कंडक्टरवर,
एक शिंगाड्यांच्या तलावावर,
एकात चार मिनिटं नुसतं "ऊन" एवढंच म्हणतात.

पुण्याच्या कोणीतरी ऐकली.
सुंदर, त्यानं लिहिलं, पण नॉइज फार.
साफ करून देतो, पैसे नकोत.

अकरा दिवसांनी फाइल आली.
मिलच्या वजनकाट्यावर बसून चौघांनी ऐकली.
बेडूक नव्हते.
रात्री थंड होताना टिन टणकतं, ते नव्हतं.
पंप त्याला पंखा वाटला असावा.
गाणं पांढरं शुभ्र, दोनदा पॉलिश मारलेलं.
"मस्त आहे," डुलीचंद म्हणाला. "कोनाचं होय?"

रेवताला मात्र आवडलं.
"मावा आवाज साफ येते. मायले ऐकवता येईन."
पंप गेला तरी?
"पंप तं वावरातबी आयकते ते."
हिवराज तिच्या बाजूनं. डुलीचंद उठून मुतायला गेला,
जाताना म्हणाला, नाई म्हनजे नाई.
मग तिघांनी माझ्याकडे पाहिलं.
त्या रात्री मला पहिल्यांदा मोजलं
आणि मी म्हणालो, लाइन गेली वाटते.

गिरणीमागे कोंड्याचा ढीग अजून आहे,
पावसापाण्यानं काळा पडलेला.
कोंबड्या रोज उकरतात
आणि त्यांना रोज काहीतरी सापडतं.

मी पुण्याला लिहिलं: जे काढलं, ते पाठवाल?
तो हसला असेल. पण पाठवलं.

आता दुकानात सोल्डरिंगची कांडी तापेपर्यंत
मी ती फाइल लावतो.
बेडूक. टिन. दूर कुठं धानाच्या मोटारीची घरघर.
खूप खाली गाण्याची सावली,
वारा पडल्यावर पलीकडच्या टोल्यातून यावी तशी.
चौथ्याच्या आधी रेवता:
"थांबा बाप्पा, पाय मोकरा करू द्या."
घुंगरं. कोणाचा तरी श्वास.

आणि तो अडकलेला सूर.
त्याचं लांबलेलं शेपूट त्यानं कापून इथं टाकलंय,
मागं गाणं नाही, पुढं गाणं नाही,
एकटाच उभा आहे, केवढा वेळ.
हिवराजला हे अजून सांगितलेलं नाही.

मग बोट येतं.
लाकडाचा बारीक टक.