पस्तीस अक्षरं

बॅलार्ड इस्टेट, तिसरा मजला, लिफ्ट बंद.
मी जहाज कंपन्यांशी बोलते,
म्हणजे तोंडानं नाही.
इकडून बुकिंग जातं, तिकडून पोच येते,
इकडून मालाचं वजन, तिकडून कंटेनरचा नंबर;
मध्ये कुणी हॅलो म्हणत नाही,
कुणी खाकरत नाही.
अकरा वर्षांत पलीकडे माणूस असल्याचा
पुरावा एकदाच मिळाला, एका दिवाळीत.
त्यानंही ‘सिस्टिम बंद राहील’ एवढंच कळवलं.

सावर्डेकर शिपाई सांगायचे,
बिल ऑफ लेडिंग शर्टाच्या आत, पोटाशी धरून न्यायचो.
नाव चुकलं तर एजंटाच्या टेबलावरच खोडायचं,
वर लिहायचं, सही.
शिक्का मारणारा डिमेलो चहा पाजल्याशिवाय सोडायचा नाही.

आता नावाला पस्तीस अक्षरं.
मोकळी जागाही अक्षरातच धरायची.
छत्तिसावं कुठं जातं,
हे मी ट्रेनिंगमध्ये विचारलं होतं.
सगळे हसले.

लालबागच्या तावड्यांचा मसाला,
चारशे खोकी, फेलिक्सस्टोला.
भालचंद्र मोरेश्वर तावडे अँड नातू.
इंग्रजीत लिहून मोजा, सदतीस.
रात्री मसुदा परत आला तो असा :
भालचंद्र मोरेश्वर तावडे अँड ना

सकाळी नऊला म्हाताऱ्यांचा फोन.
मला वाटलं, चिडतील.
मागे कांडपाचा आवाज येत राहिला बराच वेळ,
मग म्हणाले,
‘त्यांना कुणी सांगितलं, बाई?’
‘काय?’
‘हेच. तो ना म्हणाला ते.
घरात फक्त मला नि त्याच्या आईला ठाऊक.
पाटीवरनं अजून काढलेलं नाही.’

मी अक्षरांचं सांगितलं, रकान्याचं,
बँकेच्या पत्रातलं नाव तंतोतंत जुळावं लागतं ते,
दुरुस्तीला पैसे पडतात.
‘किती?’
आकडा सांगितला.
‘पाटी रंगवायला याहून कमी लागतात,’ म्हणाले,
आणि हसले की खोकले,
मिरचीच्या गिरणीत फरक कळत नाही.

रकान्याला दुसरी ओळ असते.
वरच्या ओळीत भालचंद्र मोरेश्वर तावडे अँड,
खाली, एकटाच, नातू.
पाठवलं.
चार सेकंदांत पोच : स्वीकारलं.

दुपारी तावडे पैसे घेऊन स्वतः आले,
तीन मजले चढून.
प्रिंट मागितली. चष्मा विसरले होते,
माझं बोट धरून खालच्या ओळीवर ठेवायला लावलं.
‘इथं होय,’ म्हणाले,
आणि पिशवीतून मसाल्याची पुडी काढून
कीबोर्डशेजारी ठेवली. सैल बांधलेली.

संध्याकाळपर्यंत मी शिंकत होते.
तेवढ्यात कंपनीकडून आणखी तीन संदेश आले,
गेट, वजन, जहाजाची वेळ.
शिंकेला कुणी काही म्हणालं नाही.