साडेपाचच्या आत

जहाजावरून उतरताना कार्ड टेकवायचं,
यंत्र टिंग म्हणायचं,
आणि दारातला पोरगा बजावायचा: साडेपाचच्या आत.
जहाज थांबत नाही कुणासाठी.
ढोक हसले.
चौतीस वर्षं कोराडीच्या भोंग्यावर उठला-निजलेला माणूस,
त्याला हे वेळ शिकवणार.

योकोहामात आम्ही काहीच पाहिलं नाही.
धक्क्याबाहेरच्या बाकावर पुडाच्या वड्या खाल्ल्या
आणि कुठल्या बाजूला जायचं यावर भांडलो.
नकाशा उलटा धरला होता.

शिमिझुत फुजी ढगात.
गाइड म्हणाली, आहे, तिथंच आहे.
आम्ही ढगाचा फोटो काढला.
आता मानेवाड्याच्या फ्लॅटमध्ये कूलरसमोर
उमरेडकरबाई दर खेपेला विचारतात, कुठं आहे जी?
आणि हे ढगावर बोट ठेवतात.

कोबेत एक संत्रं,
एकटंच, पातळ कागदात गुंडाळलेलं.
किंमत ऐकून हे मोठ्यानं मराठीत बोलले,
एवढ्यात तर कॉटन मार्केटात पेटी येते, बाप्पा!
दुकानवाली वाकली.
हेही वाकले.
ती पुन्हा वाकली.
बराच वेळ चाललं ते, म्हणून घ्यावंच लागलं.
साल सैल, आपल्यासारखीच.
आत बी नाही.
‘बीच नाही हिला,’ हे म्हणाले,
आणि जीभ चावली.
मी म्हटलं, गोड आहे ना?
मग खा.

नागासाकीतल्या घड्याळाचं मी सांगत नाही.
ट्राममध्ये परतताना यांनी मनगटावर बाही ओढून घेतली,
एवढंच.

पण कागोशिमा!
समोर डोंगर धुमसत होता आणि रस्त्यावर राख,
गाड्यांवर राख, छत्र्यांवर राख,
बाया दारातली राख झाडून पिवळ्या पिशव्यांत भरत होत्या.
माझे चौतीस उन्हाळ्यांचे पापड आठवले,
दोरीवरची लुगडी, दुधावरची करडी साय.
यांनी चिमूटभर उचलली,
बोटांत चोळली,
‘ही जड आहे. रेतीसारखी. आपली हलकी.’
अख्ख्या जपानात पहिल्यांदा
ओळखीचं कुणी भेटल्यासारखं तोंड झालं त्यांचं.
एका म्हातारीच्या हातून झाडू घेऊन
ढोक साहेबांनी तिची पायरी झाडली.
क्वार्टरात कधी झाडली नव्हती.
मी बघून राहिले होते. बोलले काही नाही.
त्या दिवशी पाच अठ्ठावीसला चढलो,
धापा टाकत, चपलेत राख घेऊन.

निघताना धक्क्यावर शाळेतल्या पोरी बँड वाजवत होत्या,
माणसं हात हलवत होती,
दिसेनासे होईस्तोवर.
आम्ही नागपूर सोडलं तेव्हा
गेटवरचा चौकीदारसुद्धा चहाला गेला होता.

परत आलो. मे महिना. पंचेचाळीस.
ज्या दगडापासून देशाचे मैल मोजतात म्हणे,
त्या दगडापासून कुठल्याही बाजूला
समुद्र नाही.
तरी एका रविवारी हे शर्ट घालून उभे:
‘कुंदा, आज उतरायचं का?’
कुलूप लावलं आणि तोंडानं म्हणाले, टिंग.

तेव्हापासून इतवारी एक बंदर आहे,
महाल एक, सक्करदरा एक.
तराजू दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानात
आम्ही तासभर बसलो, परक्या मुलखातल्यासारखे.
त्यानं विचारलं, कुठून आले जी?
हे म्हणाले, मानेवाडा,
आणि थोडे वाकले.
साडेपाचच्या आत घरी.
नेमानं.

काल फुटाळ्यावर भुट्टा खाताना साडेपाच होऊन गेले.
मी म्हटलं, अजी, जहाज जाईल.
‘जाऊ दे,’ म्हणाले,
आणि मीठ-लिंबू अजून लावून मागितलं.

अंधार पडल्यावर जिना चढलो.
किल्ली त्यांना सापडेना,
टिंग म्हणायचं तर ते विसरलेच.
मीच म्हटलं.