प्रश्न सहावा

गुण पंधरा. जंगलालगतच्या एका गावात
बारा दिवसांत चार जणांना ताप.
डोकं फुटेल अशी वेदना, डोळे लाल, हिरड्यांतून रक्त.
मेलेलं माकड सापडल्याची ऐकीव बातमी.
तुम्ही आरोग्य अधिकारी आहात.
पहिल्या अठ्ठेचाळीस तासांत काय कराल?

डावीकडे टँझानियाचा जोसेफाट लगेच लिहायला लागला.
त्याच्याकडेही जंगल आहे, पण हे माकड नाही,
त्यामुळं त्याला उत्तर स्वच्छ दिसतं.
पुढच्या बाकावर नेपाळची सिस्टर समासाच्या रेघा आखतेय.
बेळगावातला तिसरा मजला, तीन पंख्यांतला एक चालू,
आणि खिडकीतून, पाण्याच्या टाक्यांच्या वरून,
जांबोटीकडच्या डोंगराची निळसर कड.
तिच्या पलीकडे बस वळून परत फिरते
तिथं ते गाव. प्रश्नात त्याला नाव नाही.

मी तिथं चार वर्षं होते.

ऐकीव कशी असेल, सर?
घंटा वाजवून पुरलं त्याला.
मारुती तो, उघड्यावर टाकत नाहीत.
फोंडू गावड्यानं नवं पांढरं कापड आणलं, नारळ फोडला,
पोरांनी आळीपाळीनं खांदा दिला.
थंड पडणाऱ्या अंगावरून गोचिडी उतरत होत्या तेव्हा,
जो ऊबदार खांदा जवळ असेल त्याच्यावर.
मला हे नवव्या दिवशी कळलं.
सगळ्या गावाला माहीत होतं,
माझ्याच आशाताईलासुद्धा. खाली बघून म्हणाली,
माकड म्हटलं की जंगल बंद, मॅडम,
आणि काजू आत्ता कुठं पिवळा पडतोय.

फोंडूला घेऊन आम्ही आधी बेळगावला की बांबोळीला
यावर जीपमध्येच भांडलो.
इथं फॉर्म कन्नडात, तिथं कार्ड चालत नाही.
त्याच्या रक्ताची बाटली शिमोग्याला गेली.
डोंगराच्या त्या अंगाला मेलेल्या माकडाची पुण्याला.
दोन्ही रिपोर्ट आले, एकाच तारखेचे.
तोवर दिवससुद्धा होऊन गेले होते.

म्हणून मी या कोर्सला आले.

हिरेमठ सरांनी आम्हाला पांढरा फ्लॅनेल ओढायला शिकवलं,
दहा पावलं, थांबा, उलटा, मोजा.
पहिल्या दिवशी द्वारकाबाई पातेऱ्याचा भारा घेऊन येत होती,
थांबली. कुणाचं धोतर वडत चाललासा गं?
जोसेफाटला भाषा कळेना, तरी तोच आधी हसला.
मग तिनं वाकून, भारा डोक्यावर तसाच,
कापडावरच्या एका काळ्या कणावर बोट रोखलं.
खसखशीएवढा. आम्ही अजून भिंग शोधत होतो.
उण्णी, ती म्हणाली. ही आई न्हवं. ही पोर.
मोठी गुरांना धरते, पोर माणसाला.
सर कन्नडात काहीतरी पुटपुटले
आणि हे वाक्य फळ्यावर लिहिलं, तिचं नाव घालून.
भारा मात्र ती घेऊनच गेली. गोठ्याला पातेरा लागतोच.

तर उत्तर.
रुग्णांचे नमुने. बर्फ. दोन्ही जिल्ह्यांना फोन.
माकड पडलं त्या जागेभोवती पावडर.
अंगाला लावायचं तेल, ज्याचा वास बायकांना भाकरीला येतो.
लस, शिल्लक असेल तर.
हे सगळं मी लिहिलं, क्रमानं, दीड पान.
मग वर, पहिल्या ओळीच्याही वर,
जिथं फक्त प्रश्नाचा क्रमांक टाकायचा असतो,
बारीक अक्षरात घुसवलं:
आधी विचारीन, काजू किती उतरवायचा राहिलाय.
आणि कापड कुणी आणलं, खांदा कुणी दिला.

याला गुण नसावेत.
घंटा झाली. जोसेफाटनं पुरवण्यांना दोरा बांधला,
सिस्टरनं पेन झटकलं.
उठताना मी सवयीनं सलवारची कड उलटून
घोटा बघितला.
काही नव्हतं. दुसराही बघितला.