फाळका

‘डॉक्टर, नेमकं काय हवंय तुम्हाला?’ कोल्बी विचारतो
आणि एक गुळगुळीत माहितीपत्रक पुढे सरकवतो.
त्यात एक पिकअप डोंगराच्या शेंड्यावर उभी,
एकटीच.
तिथे चढली कशी, कशाला,
उतरणार कशी, काही लिहिलेलं नाही.

मी एम्पोरियाची गुरांची डॉक्टर.
कॅन्ससमध्ये आमच्या बाजूला टेकड्या आहेत,
त्याही बसलेल्या गाईच्या पाठीएवढ्या.
म्हटलं, लिहून घे.

रंग कुठलाही. शेण सगळ्यांवर सारखंच वाळतं.

बटणं हवीत. खरी, अंगठ्याएवढी, दाबली की टक् वाजणारी.
काचेवर बोट फिरवून हीटर लावा म्हणणाऱ्यांनी
एकदा खांद्यापर्यंत हात गाईच्या आत घालावा
जानेवारीत, पहाटे साडेतीनला,
आणि बाहेर काढल्यावर
त्या काचेला पटवून द्यावं
की हे बोटच आहे.

हौदा खाली हवा.
मी पाच फूट एक इंच.
वीस वर्षांत तुमच्या गाड्यांचे हौदे वर वर गेले,
गाई होत्या तेवढ्याच राहिल्या. मीही.

आवाज मात्र दुसरा हवा.
जुनीचा सायलेन्सर फुटलाय,
कुंपणाच्या पार टोकाची गुरंसुद्धा ओळखतात
सुईवाली आली म्हणून, आणि पांगतात.
नवीनं निदान महिनाभर तरी त्यांना फसवावं.

शिरवळच्या कॉलेजातून बाहेर पडले तेव्हा
अख्खा दवाखाना एम-एटीच्या कॅरियरला
सायकलच्या ट्यूबने बांधलेला असे.
तेव्हा मला कोणी विचारलं नव्हतं
नेमकं काय हवंय.
विचारलं असतं तर म्हटलं असतं, अजून एक ट्यूब.

नवरा म्हणतो, विजेवरची घे. त्याने तक्ता केलाय,
मैल, खर्च, बॅटरीची वर्षं.
मी विचारलं, यात वासरू कुठे?
तो म्हणाला, तसा रकाना नाही.
तर तोही लिही, कोल्बी.
शेजारच्या सीटच्या पायाशी एवढी जागा
की गारठलेलं वासरू पाय दुमडून मावेल
आणि हीटरचा झोत नेमका त्याच्या नाकावर येईल.
वास जाणार नाही. जाऊ नये.
गाडी विकताना किंमत कमी होते त्याने, माहीत आहे.

तो टाइप करत राहतो.
माझ्या खिडकीतून दिसते बाहेर उभी असलेली जुनी,
बैलाने दार चेपलेली.

नोव्हेंबरात लोवेल हचेन्सच्या घोडीला इंजेक्शन दिलं.
जुनिपर, एकतीस वर्षांची.
ती कोसळली नाही, बसली,
जशी रोज बसत असेल.
मग आम्ही दोघं फाळक्यावर टेकलो.
लोवेल ब्याऐंशीचा. त्याने थर्मास उघडला,
झाकणात मला कॉफी ओतली, स्वतः नाही घेतली.
वारा होता. गवत एका बाजूला झुकलेलं.
बऱ्याच वेळाने म्हणाला,
‘तुझा फाळका कुरकुरतो.’
मी म्हटलं, हो.
तो उतरला तेव्हा
गाडी इंचभर वर आली.

‘फाळका आता बटणाने उघडतो,’ कोल्बी म्हणतो,
‘हात लावायलाच नको.’
दोन माणसं बसली तर पेलेल?
तो कागद चाळतो. वीटा, वाळू, लाकूड,
मोटरसायकल, सगळ्यांचे आकडे आहेत.
‘बसायचं असं... दिलेलं नाही.’

मग तो किल्ली घेतो, मी कोट.
बाहेर ओळीने उभ्या, धुतलेल्या,
कुठेही न गेलेल्या.
एकीचा फाळका आपणहून सावकाश खाली येतो,
कुरकुरत नाही.
मला चढायला दोन प्रयत्न लागतात.
कोल्बीही बसतो, नव्या बुटांचे पाय हलवत.
समोर हायवे, त्यावरून गुरांचा एक लांबडा ट्रक
गार्डन सिटीकडे.

किंमत मात्र तो
बराच वेळ सांगत नाही.