नळीवर माझं नाव

फैजपूरला एस्टी स्टँडसमोर, पहिल्या मजल्यावर
आमची लॅब. जिन्याला केळीच्या चिकाचे डाग,
खाली वेफर्सची कढई दिवसभर बोलत असते.
बारा वर्षं मी इथे लोकांच्या शिरा शोधतेय.
मूठ आवळा. सोडा. झालं.
सुईकडे बघायचं लोक टाळतात
आणि मग बघायला एकच जागा उरते,
माझी हनुवटी.

सोळाव्या वर्षी आल्या असत्या
तर तारुण्यपीटिका म्हणाले असते, लाडाने.
चौतिसाव्या वर्षी त्यांना नाव नाही.
नुसतं, "हे काय झालं वं माय तुह्या तोंडाले?"

सावद्याची म्हातारी, साखर तपासायला आलेली,
कापसाचा बोळा दाबत म्हणाली, डाळीचं पीठ लाव.
भंगाळेकाकांनी केळीच्या सालीची आतली बाजू सुचवली.
सगळं लावलं. कोरफड, मुलतानी, उगाळलेलं जायफळ,
आणि मेडिकलमधली ती गोरं करणारी ट्यूब,
जिने आठ दिवसांत चेहरा चंद्रासारखा केला
आणि नवव्या दिवशी
खड्ड्यांसकट.

आई म्हणायची, "बाशिंग बांधलं का सारं जाईन."
बाशिंग बांधलं. दोन वर्षांत सुटलंही.
सासरहून परत आलेलं
तेवढंच माझं स्त्रीधन.

मला माहीत नव्हतं असं नाही.
पाळी दोन-दोन महिने वाट बघायला लावायची.
हनुवटीखाली चार राठ केस,
रविवारी, दार लावून, चिमट्याने.
हेच दुसऱ्या बाईच्या कागदावर असतं
तर डॉक्टरांच्या आधी मीच ओळखलं असतं.
आपला कागद आपण कोरा ठेवतो.

पोळ्याच्या आदल्या मंगळवारी पेशंट नव्हते.
उपाशीपोटीच आले होते, का ते स्वतःलाही न सांगता.
दंडाला पट्टा बांधला, टोक दातांनी ओढलं.
गावभरच्या शिरा सापडतात,
माझी तिसऱ्यांदा सापडली.
मग नळीवर नाव लिहायचं. पेन थांबलं.
हेमांगी बऱ्हाटे. ३४. स्त्री.
"डॉक्टरांचे नाव" या रकान्यात लिहिलं, कोणी नाही.

थायरॉइड थोडं वर. इन्सुलिन बरंच वर.
भुसावळच्या नेहेतेबाईंनी आधी कागद पाहिला,
मग सोनोग्राफी, मग चेहरा.
या क्रमाने माझ्याकडे कुणी पाहिलं नव्हतं.
झोपता कधी? एक वाजता. मोबाईल? उशाशी.
चहा किती? सात.
साखर? प्रत्येकात दोन चमचे.
त्या ओरडल्या नाहीत. नुसतं मोजलं, "चौदा."
तेवढं पुरलं.

आता पहाटे पोट रिकामं असताना एक गोळी.
नंतर चहाला अर्धा तास थांबायचं,
आणि हा अर्धा तास कुणाचाच नसतो.
मी यावल रस्त्याने चालते.
घड भरलेले ट्रक अंगावरून दिल्लीकडे जातात,
ड्रायव्हर हॉर्न देतात, मी हात करते.
डब्यात कळण्याची भाकरी, मेथी, मूठभर शेंगदाणे.
मार्गशीर्षात मळ्यात भरिताची पार्टी झाली.
भरीत खाल्लं, दोनदा.
पुऱ्यांची परात पुढच्या पानाकडे सरकवली,
तर नणंद कधीकाळची, तीही आलेली, म्हणाली,
"डायट का?" मी म्हटलं, "तारीख पाळतेय."
तिला कळलं नाही. बरं झालं.

चार महिने झाले. डावी बाजू निवळली.
उजवीकडे अजून एखादी उगवते,
विशेषतः जागरणाच्या दुसऱ्या दिवशी,
चुगलखोर. काळे डाग तर आहेतच,
ते जातील तेव्हा जातील.

काल एक मुलगी आली, खिरोद्याची,
बँकेत लागलेली, ओढणी हनुवटीपर्यंत.
तिने सुईकडे पाहिलं नाही.
माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ,
मापून घ्यावं तसं.
डाळीचं पीठ माझ्या जिभेवर आलं होतं.
गिळलं. पट्टा सोडला.
विचारलं, "पाळी शेवटची कधी आली होती गं?"
ती बोटांवर मोजू लागली.
एका हाताची बोटं संपली,
मग तिने दुसरा हात उघडला,
बोळा खाली पडला.